वीस मिनिटांचं पाणी

आमच्या गावाला पाणी माझे थोरले दीर सोडतात. हे ऐकलं की नवखा माणूस म्हणतो, वा, मग तुमची चैन आहे. चैन कसली डोंबलाची. गावात गल्ल्या चार आणि आमची चौथी. टाकी पहिल्या गल्लीच्या डोक्यावर, टेकाडावर. तिथून निघालेला पाइप पहिली, दुसरी, तिसरी करत आमच्याकडे येईपर्यंत दमून जातो. त्यात भाऊजींचा नियम असा की स्वतःच्या गल्लीला सगळ्यात शेवटी पाणी. सव्वीस वर्षांपूर्वी पाणी समितीने चावी हातात दिली, त्याच दिवशी त्यांनी हे ठरवून टाकलं. “घरी आधी सोडतो असं कोणी म्हणायला नको.” कोणी म्हणत नाही. सव्वीस वर्षांत त्यांना कोणी काहीच म्हटलेलं नाही. म्हणायचं ते आम्ही घरातलेच म्हणतो.

ज्यांच्या नळाला दिवसभर पाणी असतं त्यांना वॉलमन म्हणजे काय ते कळायचं नाही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत एक खड्डा, त्यावर लोखंडी झाकण आणि आत व्हॉल्व्ह. भाऊजींकडे कमरेएवढी उंच लोखंडी चावी, तिला वर आडवी दांडी. झाकण सरकवायचं, चावी आत सोडायची आणि सगळं अंग टाकून फिरवायची. वीस मिनिटांनी उलटी फिरवायची आणि पुढची गल्ली गाठायची. पहिला व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की उघडतो. दुसरा डावीकडे, कारण बसवणाऱ्याचं त्या दिवशी कोणाशी तरी वाजलं होतं म्हणे. तिसरा अर्ध्यात अडकतो, त्याला आधी थोडं मागे घेऊन चुचकारावं लागतं. हे सगळं भाऊजींच्या मनगटांना पाठ आहे. त्यांना स्वतःला विचारलं तर सांगता येत नाही, हवेत हात फिरवून बघतात आणि मग सांगतात.

भाऊजी अंगाने किरकोळ, कान तेवढे मोठे. बोलणं मोजकं, आणि त्यांच्याशी बोलणारे त्याहून मोजके. गावाला त्यांच्याशी बोलायचे विषय तीन: पाणी कधी येणार, पाणी का आलं नाही आणि पाणी आज गढूळ का. नळाला पाणी असेपर्यंत वॉलमन कोणाला दिसत नाही. कोणाच्या घरी पाहुणे जमायचे असले की निरोपांच्या यादीत भाऊजींचं नाव तळाला, आणि पिंप जास्तीचं भरायचं असलं तर तेच नाव एकदम वर. घरीही तेच. आले, पाय धुतले, जेवले, झोपले. माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणायच्या, “ह्यांच्या तोंडालाही व्हॉल्व्ह आहे. त्याची चावी समितीने दिली नाही एवढंच.”

मग तो रोग आला आणि लॉकडाऊन लागलं. बस बंद झाली, तिच्याबरोबर येणारं वर्तमानपत्र बंद झालं. गावाच्या वेशीवर उत्साही मंडळींनी एक झाड आडवं पाडलं आणि आळीपाळीने त्याच्यावर बसून पहारा सुरू केला. एका गल्लीतल्या माणसाने दुसऱ्या गल्लीत जायचं नाही, असा हुकूम निघाला. समितीचे अध्यक्ष रोज भोंग्यावरून सांगायचे की घरात बसा, आणि दर तासाला साबणाने वीस सेकंद हात धुवा. अध्यक्ष राहतात पहिल्या गल्लीत. त्यांचे हात धुतले जात असत.

फोन होतेच सगळ्यांकडे. फोनवर साऱ्या जगाचे आकडे होते. पण मागच्या गल्लीतल्या म्हातारीचा खोकला थांबला का, कोणाची गाय व्याली, कोण कोणाच्या कुंपणावरून भांडलं, हे फोनवर कुठे येतं? आणि माणसाला खरी भूक असते ती ह्याच बातम्यांची. चारही गल्ल्यांत फिरायची परवानगी गावात एकाच माणसाला होती. समितीचा शिक्का मारलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने गळ्यात अडकवला होता. सव्वीस वर्षं ज्याच्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही, तो माणूस एका आठवड्यात गावाचं वर्तमानपत्र झाला.

सुरुवात पहिल्या गल्लीतल्या शिवणमावशींपासून झाली. ह्या बाई एकट्या राहतात, शिवणकाम करतात, आणि उरल्यासुरल्या कापडातून अख्ख्या गावाला मास्क शिवून देणाऱ्या त्याच. अध्यक्षांना पडद्याच्या कापडाचा मास्क मिळाला, त्यावर पिवळी बदकं होती. तर एका सकाळी भाऊजी व्हॉल्व्ह उघडून उभे होते, आणि मावशी दारात येऊन सांगू लागल्या की मशिनची शेवटची सुई मोडली. दुकान बंद. मग जुनी बोथट सुई दगडावर घासून कशी बसवली, ती कशी निसटली, पायाच्या बोटात कशी शिरली, सगळं साग्रसंगीत. भाऊजी चावीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. मावशींचं बोलणं संपलं तेव्हा पंचेचाळीस मिनिटं झाली होती आणि पहिल्या गल्लीतली वाटीसुद्धा भरलेली होती.

माणूस कितीही बावळट असला तरी फुकट पाण्याचं कारण त्याला लगेच कळतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गल्लीने ओळखलं की कोणी काही सांगत असेल तर हा माणूस मधेच उठून व्हॉल्व्ह बंद करत नाही. बोलणाऱ्याला तोडणं त्याच्या स्वभावातच नाही, कारण त्याला बोलणाऱ्याची सवयच नाही. लगेच गल्लीने मावशींना कामाला लावलं. पिंपं भरेपर्यंत गोष्ट संपवायची नाही, असं ठरलं. मावशी भिडस्त. त्यांनी तीन दिवस खऱ्या गोष्टी पुरवल्या. चौथ्या दिवशी सांगायला काही उरलं नाही, कारण लॉकडाऊनमध्ये एकट्या बाईच्या आयुष्यात घडून घडून घडणार काय? तेव्हा नळाखाली पिंप अर्धं होतं, शेजारीण खिडकीतून हाताने ‘चालू द्या, चालू द्या’ करत होती, आणि मावशींच्या तोंडून निघून गेलं, “माझा भाऊ शहरातून चालत निघालाय हो.”

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मला त्यांनीच सांगितलं. कारण आता ते घरीही बोलू लागले होते. दुपारी पाय धुता धुताच सुरू व्हायचे, जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि मी आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीवर कोपरं टेकायची. खोटं कशाला बोलू, आम्हालाही गोडी लागली होती.

दुसऱ्या गल्लीने हे पाहिलं आणि त्यांनी आपला हुकमाचा पत्ता काढला. तिथे निवृत्त कंपाउंडरकाका राहतात. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी दवाखान्यात शिरलेल्या चोराची हकिगत सुरू केली, पण रोज थोडी. चोराने कुलूप उघडलं, आजची वेळ संपली. चोराने एक पाय आत टाकला, आजची वेळ संपली. वेळ कधी संपवायची ते काका आपल्या गल्लीतल्या पिंपांकडे बघून ठरवायचे. चोराला खिडकीपासून औषधांच्या कपाटापर्यंत पोचायला नऊ दिवस लागले. तिसऱ्या गल्लीत गोष्ट सांगणारं कोणी धड नव्हतं. म्हणून तिथल्या दोन सख्ख्या जावांनी भाऊजींसमोर कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडण काढायचं असं ठरलं. भाऊजी मध्यस्थी करत, दोघींची बाजू ऐकून घेत, आणि पाणी वाहत राही. आठव्या दिवशी ते भांडण खरं झालं. दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

एवढं सगळं होऊन भाऊजी चौथ्या गल्लीत यायचे तेव्हा टाकीत उरायचा तो गाळ आणि हवा. नळ आधी खोकायचा, मग शिंकायचा, मग करंगळीएवढी धार सोडायचा आणि तीही पाच मिनिटांत बंद. एकदा अध्यक्षांचं भोंग्यावरचं ऐकून मी साबण चोळला, वीस आकडे मोजले आणि नळ सोडला तर आतून नुसता सूं आवाज. फेसाळ हात घेऊन मी अर्धा तास अंगणात उभी होते. नाकाला खाज आली तेव्हा नवऱ्याला हाक मारावी लागली. पाणी आणायला मळ्यातल्या विहिरीवर जावं, तर झाडावर बसलेले पहारेकरी विचारायचे, “कशाला चाललात?” दोन्ही हातांत बादल्या असलेल्या बाईला हा प्रश्न.

आणि गोष्टी जर जिथल्या तिथे राहिल्या असत्या तर चाललं असतं. पण भाऊजी त्या बातम्या म्हणून पुढच्या गल्लीत न्यायचे. मावशींचा भाऊ चालत येतोय हे दुसऱ्या गल्लीत कळलं, तिसरीत कळलं, समितीला कळलं. समिती खडबडून जागी झाली. शहरातून माणूस येणार म्हणजे त्याला चौदा दिवस वेगळं ठेवायला हवं. शाळेतला चौथीचा वर्ग रिकामा करून धुतला, आमच्याच गल्लीच्या पाण्याने, कारण शाळा चौथ्या गल्लीत. खाट टाकली, दोरी बांधली, दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावली आणि कोपऱ्यात एक पिंप ठेवलं. शिळं पाणी नको म्हणून भाऊजी ते पिंप रोज ओतून ताजं भरायचे. म्हणजे आमच्याकडे जी काही करंगळीएवढी धार यायची, तिच्यातल्या दोन बादल्या नसलेल्या भावाच्या अंघोळीला.

मावशींची पंचाईत झाली. भाऊ नाहीच असं सांगावं तर गल्ली खाऊ की गिळू करेल, आणि तो आला असं सांगावं तर आणायचा कुठून? मग त्या त्याला रोज थोडा थोडा चालवायच्या. आज तो मोठ्या पुलाजवळ आला. आज त्याच्या टाचेला फोड आला. आज त्याची छत्री हरवली. फोड आला त्या दिवशी भाऊजींनी आपल्या नव्या चपला त्या वर्गात खाटेखाली नेऊन ठेवल्या. अध्यक्षांनी तर भोंग्यावरून सांगितलं की तो आल्यावर कोणी गर्दी करू नये. गर्दी करायला चारी गल्ल्या टपल्या होत्या.

लॉकडाऊनच्या सदतिसाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी वहीचं पान फाडून समितीला अर्ज लिहिला. चौथ्या गल्लीला पाणी मिळत नाही, वॉलमन कामात गप्पा मारतात, त्यांची चावी काढून दुसऱ्या कोणाला द्यावी. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी सह्या केल्या. सगळ्यात पहिली सही जाऊबाईंची होती. सही करून त्या म्हणाल्या, “नवरा माझा आहे, पण घसाही माझाच आहे.” समितीने रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर बैठक ठेवली आणि भाऊजींना निरोप दिला की चावी घेऊन या.

शनिवारी भाऊजी मधल्या भिंतीपाशी आले. मला वाटलं, आता रागावणार. ते म्हणाले, “अर्ज बरोबर आहे तुझा. पाणी येत नाही हे खरंच आहे.” मग बराच वेळ भिंतीचा पोपडा काढत उभे राहिले. “चावी गेली तर सकाळी उठून जाऊ कुठे, हे काही सुचत नाहीये. आता कुठे लोक बोलायला लागलेत माझ्याशी.”

मला फार वाईट वाटलं. अर्ज मागे घ्यावा असंही वाटलं. पण त्या दिवशी माझ्या घरात दोन तांबे पाणी होतं आणि माणसं पाच. अर्ज तसाच राहू दिला.

बैठकीला मैदानावर चुन्याची वर्तुळं काढली होती, एकेका माणसाला एकेक. अध्यक्ष बदकांचा मास्क लावून खुर्चीवर बसले. वरच्या तीन गल्ल्या भाऊजींच्या कौतुकाला नुसत्या तुटून पडल्या. कंपाउंडरकाका म्हणाले, असा कर्तव्यदक्ष माणूस त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. भांडणाऱ्या दोन जावा गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच एका बाजूने बोलल्या. अध्यक्षांनीही मान डोलावली. ज्यांची पिंपं भरलेली असतात त्यांचं मन फार मोठं असतं.

मी माझ्या वर्तुळात उभी राहिले आणि सरळ विचारलं, “भाऊजी, पहिल्या गल्लीत पन्नास मिनिटं पाणी आणि आमच्याकडे पाच. असं का?”

भाऊजी चावी धरून मधोमध उभे होते. “लोक बोलत असतात,” ते म्हणाले. “माणूस मनातलं सांगत असताना त्याला मधेच कसं तोडायचं? मावशींचा भाऊ पायाला फोड घेऊन चालतोय. त्या बाईला कोणाशी तरी बोलायला नको का?” मग ते अध्यक्षांकडे वळले. “चावी काढायची तर काढा, माझी चूक आहे. पण एक सांगायचं होतं. तो माणूस तीन दिवस झाले पुलापाशीच आहे. पाय फारच सुजला असणार. चावी गेल्यावर मी मोकळाच आहे. माझी सायकल आहे. मला परवानगीचा कागद द्या, मी जाऊन त्याला मागे बसवून घेऊन येतो.”

पूल आमच्यापासून चाळीस किलोमीटर आहे. भाऊजींचं वय अठ्ठावन्न.

शिवणमावशी आपल्या वर्तुळात खालीच बसल्या. “मला भाऊच नाही,” त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी विचारलं, “नाही म्हणजे? वारला?”

“नव्हताच कधी. आम्ही चौघी बहिणीच.” आणि मग मावशी रडत रडत सगळं बोलून गेल्या. पिंपं, खिडकीतले हात, सगळं. एकदा बांध फुटल्यावर काय, बाकीचेही एकेक करून कबूल झाले. भाऊजी एकेकाकडे बघत होते. त्यांनी कंपाउंडरकाकांना विचारलं, “आणि तो चोर?”

“चोर होता ना,” काका घाईघाईने म्हणाले. “अगदी खरा होता. फक्त तो कुलूप उघडतानाच सापडला होता.”

अध्यक्ष खिडकीबाहेरून वर्गातल्या त्या खाटेकडे बघत होते. चौदा दिवसांचं कोष्टक त्यांनी स्वतः हाताने आखून भिंतीवर चिकटवलं होतं.

“म्हणजे सगळं पाण्यासाठी,” भाऊजी म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. त्यांचे ते मोठे कान लालबुंद झाले होते. त्यांनी अध्यक्षांच्या पायाशी चावी ठेवली, गळ्यातला कागद काढून तिच्यावर ठेवला आणि ते घरी निघून गेले. मी अर्ज केला होता, माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मला त्या वर्तुळातून पाय बाहेर काढायची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडायला स्वतः अध्यक्ष निघाले. त्यात आहे काय, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिला व्हॉल्व्ह उघडला आणि बंदही झाला, त्यामुळे त्यांना स्फुरण चढलं. दुसरा त्यांनी उजवीकडे फिरवला. तो फिरेना, तेव्हा दोन पहारेकरी झाडावरून उठवून आणले आणि तिघांनी मिळून दांडीला लोंबकळून फिरवला. आतून काहीतरी कटकन मोडलं आणि खड्ड्यातून दोन पुरुष उंचीचा फवारा उडाला. अध्यक्षांची बदकं न्हाऊन निघाली. अख्खं गाव सहा सहा फुटांवर उभं राहून टाकी रिकामी होताना बघत होतं. इतक्या दिवसांत गावाला सगळ्यांनी मिळून पाहायला मिळालेली तीच एक करमणूक.

दुपारी अध्यक्ष ओल्या कपड्यांनिशी आमच्या अंगणात. भाऊजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. अध्यक्षांनी गोडीगुलाबीने सांगितलं, मग गावाचा वास्ता दिला, मग चक्क हात जोडले. भाऊजी हलले नाहीत. शेवटी जाऊबाई बाहेर आल्या, त्यांनी अध्यक्षांच्या हातातली चावी घेतली आणि खाटेला टेकवून ठेवली. “अहो, रागवायचं तर पाणी सोडून आल्यावर रागवा,” त्या म्हणाल्या. “रग्गड वेळ आहे. लॉकडाऊन काही उद्या उठत नाही.”

भाऊजी उठले. मोडलेला व्हॉल्व्ह त्यांनी दोन दिवस खपून दुरुस्त केला आणि तिसऱ्या दिवसापासून पाणी सुरू झालं. आता त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. पहिल्या गल्लीत लोक दारात येऊन नमस्कार करायचे, कसं काय विचारायचे. भाऊजी घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि वेळ झाली की चावी फिरवून चालू लागायचे. कंपाउंडरकाका एकदा त्यांच्या मागे मागे गेले, चोराची खरी हकिगत सांगायची म्हणून. भाऊजींनी वळूनही पाहिलं नाही. शाळेतल्या खाटेखालच्या चपला जाऊबाईच जाऊन घेऊन आल्या.

आमच्या नळाला मनगटाएवढी धार आली. सव्वीस वर्षांत आली नव्हती अशी. मी पिंप भरलं, बादल्या भरल्या, कढया, पातेली, डबे, सगळं भरलं. फरशी धुतली, मग पुन्हा धुतली. आणि दुपारी मधल्या भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिले तर पलीकडे चिडीचूप. भाऊजी पाय धुवायचे, जेवायचे, झोपायचे. जाऊबाई दारात येऊन उभ्या राहायच्या आणि थोड्या वेळाने आत जायच्या. एकदा मला म्हणाल्या, “घर एवढं स्वच्छ आहे की बसवत नाही.”

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी आमच्याकडे पाण्याची वेळ झाली आणि पाणी आलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. पुन्हा सुरू झाल्या वाटतं गोष्टी. मी मास्क चढवला, पहारेकऱ्यांना डोळे दाखवले आणि हुकूम धाब्यावर बसवून तरातरा थेट पहिल्या गल्लीपर्यंत चढून गेले. मनात काय काय बोलायचं ते जुळवूनच गेले होते.

शिवणमावशींच्या घराची पायरी आहे, तिच्यापासून सहा फुटांवर एका दगडावर भाऊजी बसले होते. मावशी पायरीवर होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या. रडत नव्हत्या, हसतही नव्हत्या. मांडीवर शिवण होतं, पण हात थांबलेले होते. चावी शेजारी जमिनीवर आडवी पडली होती. मी तोंड उघडणार एवढ्यात कोपऱ्यावरच्या नळाकडे माझं लक्ष गेलं. नळ कोणीतरी पूर्ण सोडून ठेवला होता आणि त्यातून थेंबही येत नव्हता. खड्ड्यावरचं झाकण लावलेलं होतं. पहिल्या गल्लीची वीस मिनिटं केव्हाच संपली होती, पाणी बंद झालं होतं, आणि मावशी त्यानंतर बोलायला बसल्या होत्या. शेजारणीची खिडकी लावलेली होती. पलीकडे दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी माणसं रिकाम्या बादल्या घेऊन उभी होती, पण एकानेही हाक मारली नाही.

मी आले तशी परत फिरले. त्या दिवशी आम्हाला पाणी पाऊण तास उशिरा आलं, आणि वीस मिनिटं पूर्ण आलं.

दुपारी भाऊजी पाय धूत होते. मी भिंतीपाशी आले, पलीकडे दारात जाऊबाई येऊन उभ्या राहिल्याच होत्या. मला राहवेना. मी विचारलं, “काय म्हणत होत्या मावशी?”

भाऊजींनी तांब्या पालथा घातला, पंच्याने एकेक बोट पुसलं.

“ते मला सांगितलंय,” ते म्हणाले आणि आत जेवायला गेले.